पाणीवाली

पाणी मागितलं म्हणून संघातून काढलं, हे आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही. पण तिला काढलं. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सरांचा कायदाच होता: सरावात जी आधी पाणी मागेल, तिनं सगळ्यांसमोर आपली जर्सी सरांच्या हातात द्यायची. याला सर कणखरपणा म्हणत. डोंबलाचा कणखरपणा! त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, जीभ टाळूला चिकटली होती. तिनं दोन घोट मागितले आणि अकरा नंबरची जर्सी गेली. वर नाव पडलं पाणीवाली. जिन्यात, वर्गात, ग्रंथालयात तीन वर्षं ते तिच्या मागे फिरलं. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, सोड ना आता." ताईनं काही सोडलं नाही.

बावीस वर्षं तिनं डूख धरला. दुसऱ्या कॉलेजात प्रशिक्षक झाली, तरी चार अंतिम सामने सरांपुढे हरली. पाचव्यांदा गाठ पडली तेव्हा सर निवृत्तीला आले होते. आता नाही तर कधीच नाही.

"काय गं, अजून पाणी वाटतेस का?" गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत सरांनी सामन्याआधी विचारलं.

"वाटते ना, सर," ती म्हणाली.

आणि तिनं खरंच वाटलं. दर तीन मिनिटांनी खेळाडू बदलायची, बाहेर आलेलीच्या हातात बाटली द्यायची, दम खाल्ला की परत आत सोडायची. सरांनी मात्र त्याच पाच जणींना रेटलं. सामना संपेपर्यंत त्यांना पाणी नाही. मध्यंतराला सर नऊ गुणांनी पुढे होते. तिनं गुणफलकाकडे पाहिलंसुद्धा नाही, ती त्या पाच पोरींचे सुकलेले ओठ बघत होती.

शेवटच्या चार मिनिटांत त्यांचे चेंडू बास्केटपर्यंत पोचेनात. हिच्या मुली पुढे गेल्या. तेवढ्यात सरांच्या कर्णधाराच्या पोटरीत गोळा आला आणि ती मैदानातच आडवी झाली.

"ऊठ. नाटकं नकोत," सर ओरडले.

पंचांनी खेळ थांबवला. पाणीवाली सरळ चालत गेली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. दया आली होती, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोला, सरांना नीट दिसेल अशीच ती बसली होती.

सामना तिनं सात गुणांनी जिंकला. शेवटची शिट्टी होताच सर तरातरा आले. "माझ्या खेळाडूला पाणी पाजायचा तुला काय..." दीड तास ओरडून घसा कोरडा पडलेला, त्यात ठसका लागला. तो काही थांबेना. हात तिच्या बाटलीकडे आला.

"पाणी... पाणी दे."

दोन्ही संघ बघत होते. तिनं बाटलीचं झाकण उघडलं आणि दुसरा हात पुढे केला.

"देते ना, सर. आधी शिट्टी द्या."

सर आणखी दोनदा खोकले. मग त्यांनी मान खाली घालून शिट्टीची दोरी काढली. ते घटाघटा पाणी पिईपर्यंत ती शिट्टी मुठीत धरून समोर उभी राहिली.