दारातलं ठेसन

गडचिरोलीत रेल्वे नाही. ती वडशापर्यंत येते आणि तिथून पुढे आमच्याकडे कित्येक वर्षं नुसती येऊन राहिली आहे, पोचत मात्र नाही. मी वडशाची, रुळाकडेच्या घरात वाढलेली. गाडीची शिट्टी ऐकली की आमच्याकडे चहाचं आधण चढायचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले काही महिने संध्याकाळ झाली की मन लागेना. नवऱ्याला वाटलं, बायकोला माहेर आठवतंय. माहेर कसलं, मला पॅसेंजर आठवत होती.

शेवटी ठरवलं, खरी येईल तेव्हा येईल, आपण आपली आणू. माडीवरची खोली धानाची पोती हलवून रिकामी केली. चारी भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या ठोकायच्या, त्यावर रूळ, म्हणजे गाडी खोलीभर गोल फिरेल, असा बेत. इंजिन आणि डबे पार्सलनं आले. त्या दिवशी मी शाळेत विज्ञानाचे तीन तास कसे घेतले मला माहीत नाही. घरी येऊन चप्पल न काढता खोका फोडला आणि इंजिन तळहातावर घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून परत स्वयंपाकघरात नाचले. सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं की हिला ताप वगैरे आहे का.

मग आखणी सुरू झाली. खिडकीपाशी वडसा, बटणांच्या बोर्डाखाली गडचिरोली, कपाटाजवळ चामोर्शी, कोपऱ्यात आष्टी, पुढे आलापल्ली. भूगोलाची ओढाताण होत होती, पण खोलीच्या मानानं जिल्हा फार मोठा आहे. वडशाला मी दोन फलाट दिले, पादचारी पूल दिला, चहाची टपरी दिली. माझ्या चुलतभावाच्या नाटक मंडळीतला जंगलाचा जुना पडदा मिळाला, तो आलापल्लीच्या मागे लावला. पडद्याच्या एका टोकाला राजवाडा होता. तो कापवेना. तेव्हा आमच्या सागाच्या जंगलात एक राजवाडा आहे आणि त्याच्या सज्ज्यातून राणी गाड्या बघते. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत केलं. त्यात माझे हात, नवऱ्याचा सदरा आणि एकदा चुकून कणीकही हिरवी झाली.

सासूबाई रोज जिना चढून यायच्या आणि कंबरेवर हात ठेवून पाहणी करायच्या. त्यांचं माहेर एटापल्लीकडचं, सूरजागडच्या डोंगराच्या अलीकडचं. लग्नानंतर माहेरी जायचं तर एसटी जिथवर जाईल तिथवर, पुढे बैलगाडी, नाही तर पायी, आणि पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही. त्यांची आई गेली तेव्हा नाल्याला पूर होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना, मान वर न करता.

त्या दिवशी त्यांनी आलापल्लीपुढे बोट फिरवत नेलं आणि विचारलं, "माह्या गावाले ठेसन काऊन नाई?"

अडचण खरी होती. त्यांचं गाव नेमकं दारात येत होतं. खोलीत यायचं तर तिथे वाट हवी, म्हणून तेवढ्या जागेत मी काढता-घालता येणारी एक फळी बसवली होती. तिच्यावर रूळ मावत होते, ठेसन मावत नव्हतं. शिवाय फळी रोज उचलायची, वर काही ठेवलं की पडणार. मी त्यांना हे सगळं शाळेतल्या आवाजात समजावून सांगितलं.

"तुह्या वडशाले दोन दोन फलाट," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडलं. तिसऱ्या दिवशी मी शरण गेले. ठेसन नाही, पण फळीवर खडी टाका, माती टाका, तुमच्या मनासारखं सजवा, म्हटलं. गाडी थांबणार नाही, पण गावातून जाईल. त्यांनी लगेच भावाला फोन लावला. मामा आले ते माहेरच्या मातीची पिशवी घेऊनच. लालभडक माती, मध्ये मध्ये काळी चमक. खाणीतले ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेची. सासूबाईंनी ती चाळली, बोटांनी रुळांमध्ये पसरली आणि कडेला काडेपेटीचं एक घर चिकटवलं. घराचं दार माझ्याकडे नाही, रुळाकडे. त्या घरासमोर त्या बराच वेळ बसून होत्या.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस येतात. गावात नाटक असतं आणि घरोघर पाहुणे उतरतात. मंडईच्या दिवशी दुपारी पहिली गाडी सोडायची असं मी जाहीर केलं होतं. माडीवर एवढी माणसं चढली की प्लास्टर पडेल अशी भीती वाटली. मामा पुढे, सासूबाई नवं लुगडं नेसून दाराच्या फळीपाशी. मी वडशाला नारळ फोडला, त्याचं पाणी फलाटावर सांडलं, पुसलं, आणि बटण फिरवलं.

गाडी निघाली. देवाशपथ सांगते, मी रडत होते आणि हसतही होते. गडचिरोलीला गाडी आली! बटणांच्या बोर्डाखाली का होईना, आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चामोर्शी, आष्टी, राजवाड्याच्या राणीसमोरून आलापल्ली. मग गाडी फळीवर चढली, गुरगुरली, दोन हिसके दिले आणि काडेपेटीच्या घरासमोर उभी राहिली.

मी बटण पूर्ण फिरवलं. गाडी हलेना. पाहुण्यांत खसखस पिकली. माझा चेहरा मातीहून लाल. नवरा इंजिन ढकलायला धावला, तर सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"हात नोको लावू. थांबली हाये, थांबू दे."

त्या खाली गेल्या, कुंकवाची वाटी आणि तांदूळ घेऊन आल्या, आणि इंजिनाच्या कपाळाला कुंकू लावलं. मामा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले. मग कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंजिन उलटं करून उघडलं. आतल्या मोटरीच्या चुंबकाला लोखंडाच्या कणांची दाट मिशी फुटली होती. लहानपणी वैनगंगेच्या रेतीत चुंबक फिरवून असेच कण गोळा करणारी मी, आता पोरांना चुंबकाचा धडा शिकवणारी मी, आणि सूरजागडच्या लोखंडाच्या डोंगराची माती रुळांवर टाकायला मीच होकार दिला होता. मला एवढं हसू फुटलं की चिमटा हातातून पडला. सासूबाई वर आल्या तेव्हा मी जुन्या ब्रशनं एकेक कण काढत होते. काय झालं ते त्यांना सांगितलं. फळीवरची माती झाडून तिथे साधी खडी टाकते, म्हणजे गाडी अडणार नाही, असंही म्हणाले.

त्या शेजारी बसल्या. कागदावर पडलेले कण त्यांनी बोटानं एकत्र केले.

"सगळी नोको काढू," त्या म्हणाल्या. "थोडी राहू दे."

मी ब्रश खाली ठेवला. आलापल्लीच्या पुढे गाडी आता रोज अडते. मी वेळापत्रकात तसा थांबा लिहिला आहे, आणि गाडी निघायच्या आधी सासूबाईंना हाक मारून खालून वर बोलावते.