खिडकीतलं लाटणं

कुसुमताई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला तेव्हा आम्ही सहाजणी पापड लाटत होतो. मग सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं... ती उघडी होती. त्याला आता महिना झाला. चारचौघींत मला बोलायला जमत नाही, म्हणून इथे वहीत लिहिते आहे.

मंडईमागच्या एका खोलीत आमचं पापडाचं काम चालतं. एक खिडकी, समोर दार. वारा लागला की उडदाच्या लाट्या सुकतात आणि पापडाच्या कडा फाटतात, म्हणून खिडकी बंद ठेवायची आमची जुनी रीत. कुसुमताई आल्या त्या दिवसापासून या रीतीशी भांडल्या. आधी त्यांनी क्षयाच्या वॉर्डात आया म्हणून बरीच वर्षं काढली होती. त्या म्हणायच्या, "खोकल्यातलं, बोलण्यातलं बारीक बारीक हवेत तरंगत राहतं, चुलीच्या धुरासारखं. धूर दिसतो, हे दिसत नाही." करोनाच्या दिवसांत मी पोळपाट तीन तीनदा घासायचे. त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "पोळपाट झाला गं लख्ख. हवा कोण घासणार?" पंख्याने तीच हवा आत फिरते, दार-खिडकी दोन्ही उघडली की बाहेर जाते, हे त्यांचं पालुपद. खिडकीची झडप मिटू नये म्हणून त्यांनी मोडक्या लाटण्याचा तुकडा फटीत अडकवला होता. त्यांची पाठ वळली की तो मी हळूच काढायचे. भांडायची हिंमत नव्हती, आणि पापड फाटायला नको होते. चहाच्या वेळी त्या तो परत लावायच्या, कुणाला काही न विचारता.

गेल्या थंडीत मी कणकण आणि खोकला अंगावर काढत कामाला गेले. तोंडाला पदरसुद्धा लावला नाही, आणि खिडकी मीच लावली. आठवड्याभरात चौघी आजारी पडल्या. बाकीच्या बऱ्या झाल्या. कुसुमताईंच्या मात्र ते छातीत बसलं.

त्यांना भेटायला घरी गेले. दाराबाहेरूनच म्हणाले, "ताई, तो खोकला माझाच होता. खिडकीही मीच..."

त्यांना दम लागत होता, तरी हसल्या. "खोकल्यावर काय नाव लिहिलेलं असतं? आणि लाटणं कोण काढतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं." मग म्हणाल्या, "लाट्यांवर ओलं फडकं टाकत जा. अन् ताप आला तर घरी बस. तुझ्यावाचून पुण्याचे पापड अडत नाहीत."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आता लाट्यांवर ओलं फडकं असतं. तरी काही पापड फाटतातच... ते आम्ही चहाबरोबर भाजून खातो. कुणी शिंकलं तर तिला घरी पाठवतो, तिच्या वाटचं आम्ही लाटतो. सकाळी खोली उघडली की आधी मी तो तुकडा फटीत बसवते. त्याच्या एका टोकाला, ताईंचा अंगठा टेकायचा तिथे, पीठ वाळून बसलं आहे. बाकी सगळं मी अजून तीन तीनदा घासते. तेवढं घासत नाही.