पांढऱ्या रांगेत मोरपंखी

बाबा कापडगिरणीच्या रंगखात्यात होते. आठवडाभर हात कधी निळे, कधी लाल. नखांतला रंग तर सुटीच्या दिवशीही जायचा नाही. पण बाहेर निघताना अंगात शर्ट पांढराच. तसा बाहेरचा शर्ट एकच होता. तो ते स्वतः नीळ घालून धुवायचे आणि पितळी तांब्यात निखारे टाकून इस्त्री करायचे. मोहल्ल्यातले लोक चिडवायचे, "दिवसभर रंगात बुडते, अन् स्वतः कोराच्या कोरा!" बाबा हसून सोडून द्यायचे.

मला मात्र तो शर्ट खुपायचा. सत्तरनंतरची ती वर्षं. पोरं मोठ्या कॉलरचे, भडक फुलाफुलांचे शर्ट घालून सीताबर्डीवर हिंडायची, आणि दुनियेचं कापड रंगवणारा माझा बाप असा फिक्का! मी शाळेत मास्तरीण झाले आणि पहिला पगार हाती येताच ठरवलं, यांना रंगात आणायचंच. इतवारीतली चार दुकानं पालथी घालून मोरपंखी सुती कापड घेतलं. शिंप्याकडे त्यांचं माप होतंच.

शर्ट हातात घेऊन बाबांनी काय करावं? रुमालाचं टोक ओलं केलं आणि आतल्या शिवणीवर घासलं. रंगखात्यातली सवय. रुमालावर मोरपंखी डाग उमटला.

"सुरेख हाये वं," ते म्हणाले, "पण रंग कच्चा हाये. सोडते."

माझं तोंडच उतरलं. "सरळ सांगा ना बाबा, मी आणलेलं तुमाले घालायचं नाही!"

ते आत गेल्यावर आई म्हणाली, "काहून वं बोलली तशी? लहानपणी गावात त्याइले दुसऱ्याच्या अंगचे उतरलेलेच कपडे भेटत. जो रंग येईन तो. नवा कोरा पांढरा शर्ट त्याइनं पहिल्यांदा घातला तो धम्मदीक्षेच्या दिवशी."

हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मी डोक्यात राख घालून घेतली होती. वैशाखातल्या पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी दोन्ही शर्ट एकाच बादलीत भिजवले. रंग सुटत नाही हे मला त्यांना दाखवायचंच होतं. तासाभरानं बादलीत हात घातला. पाणी मोरपंखी, आणि पांढऱ्या शर्टावर पाठभर डाग. सकाळी विहारात वंदना होती, तिथे सगळे पांढऱ्यात येणार. मी साबण लावला, लिंबू चोळलं, नीळ घातली. डाग आणखीच मळकट झाले.

बाबा पाळीवरून आले. त्यांनी शर्ट उजेडात धरून पाहिला. मी रडत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"दुसरा वाळला का?" त्यांनी एवढंच विचारलं.

सकाळी विहारात पांढऱ्याशुभ्र रांगांमध्ये माझे बाबा एकटे मोरपंखी बसले होते. मला वर बघवेना. शेजारच्यानं विचारलंच, "आज पांढरा काहून नाही गा?"

बाबांनी कॉलर नीट केली. "पोरीनं घेऊन देल्ला. पहिल्या पगाराचा," ते चांगले मोठ्यानं म्हणाले. डागांबद्दल चकार शब्द नाही.

नागपूरचं ऊन ते. घरी येईस्तोवर शर्ट घामानं भिजला होता. तो काढला तर मान, खांदे, पाठ, सगळं मोरपंखी. असं होणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! मी ओला पंचा घेऊन पाठ घासायला बसले. रडू काही थांबत नव्हतं.

"हळू घास वं," बाबा म्हणाले. "गिरणीचा रंग रोजच लागते अंगाले. हा माह्या पोरीचा हाये, राहू दे दोन दिवस."