साक्षीदाराचे वय

सिस्टर इंदुमतीबाई यांची आणि माझी पहिली भेट मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात झाली. माझ्या पत्नीचे पहिले बाळंतपण होते. मी पॉइंट्समन. ड्यूटीवरून धावत आलो आणि हिरवी झेंडी हातात तशीच धरून उंबऱ्यात उभा राहिलो. सरकारी दवाखान्यातील नव्या सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “अहो, झेंडी कोणाला दाखवायलाव? लेकरू यायचं तवा येतंय. तुम्ही पाणी तापवा.”

तेव्हापासून मी त्यांचा आदेश मोडलेला नाही. त्यांनी असंख्य बाळंतपणे केली. मात्र कोणाकडून साडी घेतली नाही. “तुमच्या बाळंतिणीलाच नेसवा, तिच्या अंगावर धड न्हाई,” असे म्हणून परत करीत.

एकदा दवाखान्याने ‘अजून चार दिवस आहेत’ म्हणून परत पाठविलेली एक बाई फलाटावरच बाळंत झाली. आम्ही चार कर्मचारी चादरी धरून, पाठ फिरवून उभे होतो. हात धुताना सिस्टर म्हणाल्या, “दवाखान्याजवळ चार दिवस टेकायला जागा असती, तर हिच्यावर ही पाळी आली नसती.”

हे वाक्य त्या विसरल्या नाहीत. पगारातून बांधलेले स्वतःचे घर आपल्या पश्चात अशा बायकांच्या मुक्कामासाठी महिला मंडळाच्या संस्थेस मिळावे, असे मृत्युपत्र त्यांनी केले. त्यांच्या परवानगीनेच हे त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरव अंकात लिहीत आहे. नांदेडच्या वकीलसाहेबांनी सुचविले, “साक्षीदार वयाने लहान पाहा.” सिस्टर म्हणाल्या, “लहान माणसाचं कोण ऐकतंय? मला जाणती माणसं पाहिजेत.” त्यांनी आमच्या गावातील वयोवृद्ध गुरुजींना आणि मला बोलाविले. मी कोट घातला, स्वतःचे पेन नेले आणि पूर्ण नावाने सही केली. नोकरीभर माझी सही केवळ हजेरीपटावर झाली होती. आता ती एका सत्कार्याच्या कागदावर आली, याचा मला अभिमान वाटला.

गतवर्षी गुरुजी वारले. अंत्यविधीच्या वेळी सिस्टरांचे पुतणे, मृत्युपत्र नसते तर घराचे वारस, मला म्हणाले, “काका, तब्येत जपा. आता तुम्हीच एक राहिलाव.” त्यांच्या हेतूविषयी मी काही म्हणणार नाही, परंतु त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. मृत्युपत्रावर कोणी हरकत घेतली, तर ‘सही माझ्यासमोर झाली’ असे न्यायालयात साक्षीदाराला सांगावे लागते. सिस्टर पंचाहत्तर वर्षांच्या, मी एक्क्याऐंशीचा. मी सायकल सोडली. साधा खोकला आला तरी दवाखाना गाठू लागलो. माझ्यानंतर त्या घराचे काय होईल, ही चिंता मनातून जाईना. उपाय ठाऊक होता: नवे मृत्युपत्र, नवे साक्षीदार. पण माझी सही रद्द करा, असे स्वतःच्या तोंडाने म्हणवेना.

गौरव अंकाच्या संपादकांनी कळविले की लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतावे. मी लेखणी घेऊन बसलो आणि ते वाक्य मला लिहिता येईना. त्या शतायुषी व्हाव्यात, तर मी एकशे सहा वर्षांपेक्षा अधिक जगले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि सांगितले, “सिस्टर, माझ्या जागी तरुण माणूस घ्या.”

त्या म्हणाल्या, “वर्ष झालं वाट पाहून राहिले, माणिकराव. तुम्हाला कसं म्हणू? किती ऐटीत सही केली होती तुम्ही.”

“आणि तोवर मला काही झाले असते तर?”

“तुम्ही सायकल सोडली ते दिसत होतं की. म्हटलं, जपून राहायलाव, बरं हाय.”

येत्या सोमवारी नवे मृत्युपत्र होईल. दवाखान्यातील हल्लीच्या सिस्टर आणि शाळेतील एक बाई साक्षीदार आहेत. दोघीही पस्तिशीच्या आतील. मी कोट घालून हजर राहीन. सही करणार नाही.

सोमवारपर्यंत परमेश्वराने आम्हा दोघांनाही सुखरूप ठेवावे. त्यानंतर सिस्टर इंदुमतीबाईंनी निरोगी प्रकृतीने शंभरी पाहावी, तीही ओलांडावी. मी त्यांच्याआधी गेलो तरी आता चालेल.