खाली झोपून पाहणारे नाना

कोणतीही गाडी दिसली की नाना आधी तिच्या खाली आडवे होत. गाडी नवी असो, जुनी असो, पाहुण्याची असो. टोपी काढून छातीवर ठेवत, डोळे मिटून थोडा वेळ पडून राहत आणि पाठीची माती झटकत बाहेर येऊन निकाल देत, "हिच्या खाली झोप लागंल," नाहीतर "न्हाई लागायची." गेवराईच्या बाजारात एका पुढाऱ्याच्या चकचकीत गाडीखालीही ते असेच शिरले होते. ड्रायव्हर ओरडत धावत आला, तेव्हा आतूनच म्हणाले, "थांब रे, आत्ताच डोळा लागत होता."

नाना म्हणजे चकलांब्याचे माझे चुलते. त्यांचं तरणेपण ऊसतोडीत गेलं. साखर कारखान्यापुढच्या रांगेत उसाची ट्रॉली उभी असायची आणि दव लागू नये म्हणून नाना नि नानी तिच्याच खाली निजायचे. वर सगळा ऊस, खाली गोधडी. तो सांगाडा मोडणार नाही एवढ्याच भरवशावर झोप यायची. लोखंड पारखायची ही एकच रीत त्यांना माहीत होती.

दसऱ्याला दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर जात. तिथंही उघड्यावरच पथारी. पुढं नानीचे गुडघे गेले. जमिनीवर बसली की दोघांनी धरून उठवावं लागे. बसमध्ये पाय दुमडून बसणंही होईना. "आता घरूनच हात जोडीन," ती म्हणाली. नानांना ते सोसलं नाही. माझ्या जीपमागं जोडायची एक चाकांवरची खोली करायची, तिला दार, खिडकी आणि पलंग, असं त्यांनी ठरवलं. मला म्हणाले, "जिंदगीभर गाडीखाली निजवली तिला. एकदा तरी गाडीत निजवतो."

खोलीखालची चेसी, म्हणजे चाकांचा लोखंडी सांगाडा, निवडायला मी सोबत होतो. वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडं दोन होत्या. एक जुन्या जीपची, हलकी, धक्के झेलणाऱ्या मऊ पाट्यांची. दुसरी उसाच्या ट्रॉलीची, जाडजूड. नाना दोन्हींच्या खाली झोपून आले आणि त्यांनी ट्रॉलीच्या चेसीवर हात ठेवला.

"नाना, तुमी वर झोपणार हायत, खाली न्हाई," मिस्त्री म्हणाला. "हे पाटे वझ्याचे हायत. नुसत्या पलंगानं दबायचे न्हाईत."

"दबत न्हाई तेच चांगलं की."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण नानांचा चेहरा इतका खुलला होता, की मी मिस्त्रीला तीच काढायला सांगितली.

गावाबाहेर पहिली फेरी मारली तेव्हा दोघं आत पलंगावर होते. खोली प्रत्येक खड्ड्याला उडत होती. नानी कशीबशी उतरली. "ह्यात उसाची मोळी बी झोपायची न्हाई," म्हणाली. नाना ओशाळले. पण दुसऱ्याच दिवसापासून ओढ्यातले दगड आणून पलंगाखाली रचायला लागले. थोडे रचायचे, मी आलो की दोघांनी आत बसून फेरी मारायची, पुन्हा थोडे रचायचे. असं करता करता एका फेरीत नानीचा खरंच डोळा लागला. जागी झाल्यावर ती म्हणाली, "जन्मभर वझं वाहिलं, आता झोपायला बी वझंच लागतंय व्हय." नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

फक्त जायचं राहिलं. जीप माझी, चालवणाराही मीच. त्या वर्षी बीडला आमच्या ऑफिसात तपासणी निघाली. पुढच्या वर्षी मुलीच्या प्रवेशाची धावपळ होती. ही कारणं खरी होती, पण मनात आणलं असतं तर सवड काढता आली असती. नाना रागावले नाहीत. फोनवर म्हणायचे, "तुझ्या सवडीनं ये बाबा. दगड काय कुजत न्हाईत." त्यांचं हे वाक्य मी ऑफिसात गंमत म्हणून सांगायचो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते त्या गाडीखाली सावलीला पडले होते. नानीनं चहाला हाक मारली. टोपी छातीवरच होती. ते उठले नाहीत.

दसऱ्याच्या आधी मी रजा टाकून चकलांब्याला गेलो. नानी आत जाऊन पलंगावर आडवी झाली. मी जीप जोडली. गेवराईही आली नव्हती, तोच आरशात मागची खोली पुन्हा उड्या मारताना दिसली. मी थांबलो, मागं जाऊन दार उघडलं. नानी पलंगाची कड घट्ट धरून बसली होती. शेजारची जागा मोकळी होती.

"दगड कमी पडायलेत," ती म्हणाली. "ह्यांचं वजन धरून रचले होते."

रस्त्याकडेचे दगड मी उचलून आणत राहिलो. ती एकेक दगड हातात तोलून पाहायची आणि पलंगाखाली ठेवायला सांगायची. मी आणखी एक घेऊन आलो, तेव्हा तिनं हात आडवा केला.

"बास," ती म्हणाली. "येवढेच होते ते."