टाकीचं गाणं आणि अ‍ॅडमिन जमादार

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र आठवलं की आजही आधी छातीत धडधडतं आणि मग हसू फुटतं. धडधडतं, कारण त्यात आरोपी म्हणून माझं नाव होतं. हसू येतं, कारण चौकशी अंमलदारही मीच होतो.

मी मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. शाळा नववीत सुटली. त्या काळी तेवढ्यावर पोलीस शिपाई होता येत असे. आमच्या गावचा एक जण जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता, त्यानं भरती निघाल्याचं कळवलं आणि मी मासळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर आलो, तो इथलाच झालो. पंचनामा लिहिताना मी ओळीओळीला चुकायचो. वरिष्ठांनी सांभाळून घेतलं, लोकांनी तर त्याहून जास्त. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पण खेड्यात मला जमादारच म्हणत. दुसरं काही येत नसल्यामुळे एकच काळजी कायम असायची, की नोकरीला डाग न लागता पेन्शन हातात पडावी. हे प्रकरण घडलं तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

सणांचे दिवस होते. कुठंतरी लांब मोबाईलवरच्या अफवेवरून दगडफेक झाली होती, म्हणून आमच्याकडे वरून आदेश आला की सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या अ‍ॅडमिनना प्रतिबंधक नोटिसा बजावा. 'आपल्या ग्रुपवर कोणताही आक्षेपार्ह मजकूर प्रसारित झाल्यास अ‍ॅडमिन म्हणून आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' खाली बजावणाऱ्याची सही, म्हणजे माझी, आणि माझा मोबाईल नंबर.

माझं बीट, म्हणजे माझ्याकडं असलेली गावं, भोकरदन तालुक्यात होतं. भजनी मंडळाचा ग्रुप, क्रिकेटचा, बचत गटाचा, सोयरिकी जुळवणाऱ्यांचा, कुणालाच सोडलं नाही. एका म्हाताऱ्यानं सही करून विचारलं, "जमादार, हे अनुदान कवा मिळंल?"

एका गावात मोठा ग्रुप होता, सगळ्या गावाचा. अ‍ॅडमिन हॉटेलवाला. त्यानं नोटीस वाचली आणि उकळता चहा तसाच ठेवून बाहेर आला.

"म्हंजी दुसऱ्यानं शिवी देली तर मी आत?"

"कागदावर तसंच आहे."

"आन् मी झोपेत असलो तर?"

मी सही घेतली आणि पुढं निघालो.

दोन दिवसांनी हॉटेलवाल्यानं मला त्याच्या ग्रुपात घेतलं आणि माझ्या मोबाईलवर आलं की तुम्ही आता या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहात. मला वाटलं, गावानं आपला मान केला. मी हात जोडल्याचं चित्र पाठवून आभार मानले. लगेच हॉटेलवाल्याचा फोन. "जमादार, मी ग्रुपातून भाईर पडलो. आता मला आत घ्या, साधा मेंबर म्हनून. आम्ही धा जनायनं पारावर बसून ठरावच केला. ज्यायनं नोटीस देली त्यायनंच जिम्मेदारी घ्यावी." ही युक्ती वाऱ्यासारखी पसरली. आठवडा संपायच्या आत बीटातल्या जवळजवळ सगळ्या ग्रुपांचा मी एकटा अ‍ॅडमिन झालो. नोटीस काढून नोटिशीखाली आलेला माझ्यासारखा पोलीस जिल्ह्यात दुसरा नसावा.

मग फोन सुरू झाले. लोक काहीही टाकायच्या आधी मला विचारू लागले.

"जमादार, आईच्या दशक्रियेचा मेसेज टाकू का?"

"जावयाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देऊ का? जावई दुसऱ्या पार्टीचा हाय."

"डीपी जळून गाव चार दिवस अंधारात हाय असं लिहिलं तर वीजवाल्यायची बदनामी व्हईल का हो?"

मी नववीत शाळा सोडलेला माणूस, लोकांचं बोलणं पास-नापास करू लागलो. आधी गंमत वाटली. मग एका सकाळी एकानं विचारलं, "पाणंदीत विजेची तार पडेल हाय, टाकू का ग्रुपवर? का उगं वीजवाल्यायला राग यायचा?" मी ओरडलोच, "अरे टाक! आधी टाक!" तारेतली वीज बंद होईपर्यंत मी जागेवर बसलो नाही. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण मी त्या वेळी फोन उचलला नसता तर? पोलिसाचा निम्मा संसार लोकांच्या तोंडावर चालतो. आम्ही तेच बंद करून बसलो होतो.

एवढं असून एक ध्वनिफीत न विचारता त्या मोठ्या ग्रुपवर आलीच. एक बाई ठसक्यात गात होती, मागं बायकांचं हसू:

कारभाऱ्याच्या गावात बाई उंच उभी टाकी,
वर चढता जालना दिसं, आत थेंब न्हाई बाकी.
फीत कापली, फोटू काढला, हार घातला मोठा,
मिशीवरून पाणी वाहे, नळाला मात्र तोटा.

गावात पाण्याची नवी टाकी खरोखर होती, तिची फीत खरोखर कापली होती, आणि तिच्यात पाणी नव्हतं. मिशीही होती. ती घेऊन सरपंच दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर झाले. आमचे प्रभारी साहेब तरुण होते, शांत. मी त्यांच्या टेबलाशेजारी उभा होतो.

"साहेब, हे बिलकुल सोडायचं न्हाई. विरोधकायनं भाड्यानं बाई आनली गायला. तिला हुडका. आन् आधी त्या अ‍ॅडमिनला आत घ्या. ही बघा, तुमचीच नोटीस."

साहेबांनी नोटीस वाचली. "अ‍ॅडमिन कोण आहे?"

"असंल तो हाटेलवाला."

मी पुढं सरकलो. "साहेब, मी आहे."

"काय आहे?"

"अ‍ॅडमिन."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, नोटिशीवरच्या सहीकडे पाहिलं. "मंग नोटीस कुनी देली?"

"तीही मीच."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग समजावून सांगितलं की मोबाईलवरच्या मजकुराचं ते जुनं कलम सुप्रीम कोर्टानं केव्हाच रद्द केलंय, आणि बदनामी अदखलपात्र आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. सरपंच ऐकेनात. "मंग मी वर जातो," म्हणाले आणि अर्ज टेबलावर ठेवून निघून गेले.

मी विचारलं, "साहेब, मला अटक होईल?"

"नाही हो. दुसऱ्यानं टाकलेल्यासाठी अ‍ॅडमिनला सरसकट धरता येत नाही. कोर्टांनी तसं म्हटलंय."

"मग साहेब, आपण नोटिसा कशाला दिल्या?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरून आलं म्हणून." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण हा गृहस्थ खरंच वर गेला, तर तुमची खात्यात चौकशी लागेल. ती लागली की निवृत्तीचे कागद अडकतात. त्याच्या आत शोधा, बाई कोण आहे आणि मूळ काय आहे. बीट तुमचं आहे. आणि नियमाप्रमाणे तुमचा स्वतःचाही जबाब घ्या."

तो कागद मी लिहिला. 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी मला गेली अनेक वर्षे ओळखतो.' साहेबांनी तेवढी ओळ खोडायला लावली.

ध्वनिफीत ग्रुपवर टाकणारा सापडायला वेळ लागला नाही. दूध डेअरीवाला. त्याला समोर बसवला.

"कुणी पाठवलं?"

"साडूनं."

"कुठला साडू?"

"केदारखेड्याचा."

"मला विचारून का नाही टाकलं?"

"जमादार, तुम्हाला इचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हनले असते. मंग टाकलं कसं असतं?"

साडूला त्याच्या मेव्हण्यानं पाठवलं होतं, मेव्हण्याला त्याच्या मावसभावानं. चौकशीच्या नावाखाली मी अर्ध्या तालुक्याची सोयरीक लिहून काढली, आणि बाई काही सापडेना. जेवण जाईना. घरी बायको म्हणाली, "गाणं चांगलं आहे हो. परत लावा." मी मोबाईल उशीखाली ठेवला.

शेवटी त्या गावात पुन्हा गेलो. टाकीच्या सावलीतच हापसा आहे. पाणी भरायला बायका जमल्या होत्या. इतके दिवस मी फक्त पुरुषांना विचारत होतो. आम्हा पोलिसांची ही जुनी खोड. मी फीत लावली आणि कडक आवाजात म्हणालो, "हा गुन्ह्याचा तपास आहे. कुणाचा आवाज आहे सांगा."

आता माझा अनुभव सांगतो. गुन्ह्याचं नाव काढलं की माणूस घाबरतो, नाहीतर चिडतो, नाहीतर फार गोड बोलायला लागतो. त्या बायका हसायला लागल्या. एकीनं तोंडात पदर कोंबला. एक म्हातारी हापशाचा दांडा धरून फीत संपेपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "जमादार भाऊ, पुढचं कुठं गेलं?"

"कुठलं पुढचं?"

म्हातारीनं गाऊनच दाखवलं, आणि बाकीच्यांनी सूर धरला:

रागाला येऊ नका ईवाई, थट्टा ही नात्याची,
फिरून येऊ तवा पाजा वाटी गोड पाण्याची.

ईवाई म्हणजे व्याही. लग्नात वरपक्षाकडच्या बायका मुलीकडच्यांना गाण्यातून टोचतात, ती विहिणीची गाणी. मुलीची आई परत तशीच टोचते. त्यात कुणी कुणाला काही म्हणायला बाकी ठेवत नाही आणि त्याबद्दल कुणी कधी ठाण्याची पायरी चढल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"त्या वळीबिगर गाणं व्हत न्हाई भाऊ," म्हातारी म्हणाली. "त्याच्याबिगर ती शिवी राह्यती ना."

"मग ती ओळ कापली कुणी?"

एक तरुण सून लाजत म्हणाली, "कुनीच न्हाई कापली. स्टेटसला थोडंच बसतं, ती वळ मावंना गेली. तेच पुढं फिरलं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडू लागला होता, तरी विचारलं, "आणि हे गायलं कुणी?"

पुन्हा हसू. "सरपंचालाच इचारा की. त्यायची ईनबाई लय गळ्याची हाय!"

झालं होतं असं. सरपंचांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड शाळेत उतरलं होतं, टाकीच्या अगदी पायथ्याशी. सकाळी बायकांना आंघोळीला पाणी नाही, टँकर उशिरा आला होता. तेव्हा नवऱ्या मुलाच्या आईनं, म्हणजे सरपंचांच्या विहिणीनं, टाकीकडं बघत तिथल्या तिथं हे गाणं रचलं. पुरुष मांडवात होते. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं, आणि एकाही पुरुषानं त्यांना विचारलं नव्हतं. मी हापशावरच त्या बायकांकडून गाणं शेवटपर्यंत म्हणवून माझ्या मोबाईलात घेतलं. दांड्याची करकर त्यात आली, येऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सरपंच ठाण्यात आले, वर जायच्या तयारीनं, परीटघडीचे कपडे घालून. साहेब म्हणाले, "बाई सापडली."

"सापडली ना! बराबर! कोन हाय?"

मी आधी ग्रुपवरची फीत लावली, मग हापशावरची शेवटची ओळ. 'ईवाई' शब्द कानावर पडला तसे सरपंच खुर्चीत हलले. मिशीवरचा हात खाली आला.

"आवाज... म्हंजी पहिला आवाज..."

"तुमच्या विहीणबाई," मी म्हणालो.

"मग लिहू का?" साहेबांनी पेन उघडलं. "आरोपी क्रमांक एक, विहीणबाई. आरोपी क्रमांक दोन, आमचे जमादार. दोघांना एकाच गाडीत आणू."

"काय साहेब, चेष्टा करून राह्यले. माही लेक तिथं नांदून राह्यली!" त्यांनी टेबलावरचा अर्ज हळूच स्वतःकडं ओढला. बाहेर जाताना माझ्यापाशी थांबले. "जमादार, आता ईनबाईला काय जवाब देऊ?"

"गाण्याला अर्जानं जवाब देतात का सरपंच? वाटीभर पाणी मागितलंय. तेवढं पाजा."

राग निघून गेला की माणूस किती कामाचा असतो ते मी तेव्हा पाहिलं. टाकीचं फक्त विजेचं कनेक्शन रखडलं होतं. सरपंच वीज कचेरीत जाऊन बसले ते मंजुरी घेऊनच उठले. नागपंचमीला लेक माहेरी आली, तिच्यासोबत सासूही आली. सरपंचांनी स्वतः नळ सोडला आणि चांदीच्या वाटीत पाणी दिलं. विहीणबाई प्यायल्या, तोंड पुसलं, आणि तिथंच नवं गाणं सुरू केलं, की पाणी आलं गं बाई, पण चहात साखर कुठं गेली. ते गाणं ग्रुपवर टाकलं सरपंचांनी. शेवटच्या ओळीसकट. आणि मला न विचारता.

माझे कागद वेळेवर निघाले. पुढच्या सणाला पुन्हा आदेश आला तेव्हा साहेबांनी आपल्या अधिकारात साधं पत्र काढलं, की अफवा दिसली तर आधी आम्हाला विचारा, आणि बाकी खुशाल बोला. त्या वर्षी आम्हाला जितक्या खबरा मिळाल्या तितक्या आधी कधी मिळाल्या नव्हत्या.

अफवेनं माणसं मरतात, हे मी नाकारत नाही. तिला आवर घालायलाच हवा. पण कुणाचं बोलणं गुन्हा ठरवायच्या आधी ते पूर्ण ऐकावं, एवढं मी या प्रकरणात शिकलो. कापलेल्या तुकड्यात राग तेवढा उरतो. नातं राहून जातं त्या न मावलेल्या ओळीत, आणि ते शोधायला हापशापर्यंत चालत जावं लागतं.

निवृत्तीच्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की आता अ‍ॅडमिन दुसरा नेमा. हॉटेलवाल्यानं लगेच उत्तर दिलं, "जमादार, तुम्ही कोकनात गेल्यावर आमाला कोन वळखनार? ऱ्हाऊ द्या तसंच." कोकणात मी गेलोच नाही. इथंच राहिलो, आणि अ‍ॅडमिनही राहिलो. अजून कुणी जुन्या सवयीनं फोन करतं, "जमादार, एक गंमत हाय, टाकू का?"

मी म्हणतो, "टाका. पण पूर्ण टाका."