कासिल्दाची अट

पडदा वर जातो तेव्हा समोर शाळेची व्यायामशाळा. बास्केटबॉलची जाळी एका बाजूनं लोंबलेली, ओल्या बुटांचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अकरा-बारा वर्षांची चुळबुळती मुलं. त्यांच्यासमोर एका खुर्चीत कासिल्दा, मांडीवर पर्स घट्ट धरून.

माद्रिदमधल्या आमच्या नाटक मंडळीचे कपडे ही कासिल्दाच शिवायची. माझ्यासारख्या ढेरपोट्याला तिनं राजा केलं, दरोडेखोर केलं, एकदा तर बिशपसुद्धा. ओठांत टाचण्या धरूनही टोमणा मारायची. "फर्मिन, श्वास सोड. राजा आहेस, फुगा नाहीस." स्वतः मात्र कधी रंगमंचावर आली नाही. आग्रह केला की म्हणायची, "मला शिवण उलट्या बाजूनं बघायची सवय. समोरून तुम्हीच मिरवा."

मग २००४ सालचा अकरा मार्च आला. सकाळच्या लोकल आगगाड्यांमध्ये बॉम्ब फुटले. तिचा एकुलता एक मुलगा एलोय त्यातल्या एका गाडीत होता.

काही वर्षांनी शहरातल्या वायेकास वस्तीतल्या या शाळेनं तिला बोलावलं. पुस्तकातला परिच्छेद वाचण्यापेक्षा, ज्यांच्या घरात हे घडलं त्यांच्याच तोंडून मुलांनी ऐकावं म्हणून. तिनं एकच अट घातली: टाळ्या वाजवायच्या नाहीत. का, ते सांगितलं नाही. दर मार्चमध्ये मी तिच्या सोबतीला जायचो, आणि दर वेळी फाटकापाशी ती बजावायची, "वाजवल्या तर मी परत येणार नाही." नवरा गेलेला. तिनं शाळेत येणं थांबवलं असतं, तर एलोयबद्दल बोलणारं कुणी उरलं नसतं.

"एलोय दार आपटायचा," त्या दिवशीही तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. "भिंतीवरची तसबीर हलायची. आदल्या रात्री मी झापलं त्याला. म्हटलं, या घरात माणसं राहतात, गाढवं नाहीत! तर त्या सकाळी त्यानं दार इतकं हळू ओढलं, की मला जागच आली नाही. उठले तर टेबलावर तेल लावलेला पाव, अर्धा खाल्लेला."

मग ती हॉस्पिटलं हिंडली. शेवटी तिला प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पाठवलं, मृतदेह तिथं ठेवले होते. तिथं तिनं त्याला शर्टाच्या बाहीवरून ओळखलं. ती बाही तिनंच आखूड केली होती.

बोलणं संपलं. त्या वर्षी जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि ती अट त्यांच्याबरोबरच गेली होती. नव्या मुख्याध्यापिका अमायाबाई डोळे पुसत उठल्या आणि मनापासून टाळ्या वाजवू लागल्या. मागोमाग सगळी मुलं. जन्मभर मी त्या आवाजावर जगलो. त्या दिवशी मला तो ऐकवेना.

कासिल्दा पांढरीफटक पडली. उठली, दारापर्यंत गेली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या नेरेआ नावाच्या मुलीनं विचारलं, "आजी, आमचं काही चुकलं का?"

"चल, घरी जाऊ," मी कुजबुजलो.

"तू गप्प रे. तुला विचारलंय का तिनं?"

ती मागे वळली. "एलोयची शवपेटी चर्चमधून बाहेर आली, तेव्हा अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती. आपल्याकडे माणसाला निरोप देताना वाजवतातच गं, प्रेमानं वाजवतात. माझ्या आईच्या वेळी मीही वाजवल्यात. पण त्या दिवशी मला वाटलं, यांनी खेळ संपवून टाकला. आणि मला तर अजून त्याला ओरडायचं होतं."

अमायाबाईंनी हात कोटाच्या खिशात घातले.

"मग आम्ही एलोयसाठी काय करायचं?" नेरेआनं विचारलं.

कासिल्दानं गळ्यातल्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"उद्या घरातून निघताना दार आपटा. जोरात. आई ओरडली तर ओरडू दे, तिला कळू दे आपलं माणूस बाहेर पडलंय ते. आणि पुढच्या मार्चला मी येईन, तेव्हा सांगा मला, कुणी किती बोलणी खाल्ली."